तुलनेसाठीचा गट

छत्तीस शेतकरी होते आणि स्वतःची जमीन एकाचीही नव्हती. सगळे दुसऱ्याचं शेत अर्ध्या वाट्याने कसणारे. कोणती मदत जास्त उपयोगी पडते ते तपासायला मी चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. बारा जणांना पन्नास किलो खताचे रोख पैसे, बारा जणांना तेवढंच बिनव्याजी कर्ज आणि उरलेल्या बारा जणांना काहीच नाही.

शेवटच्या गटातल्या मावशी उखडल्या. "मला का नाही गं?"

"मावशी, तुम्ही तुलनेसाठी आहात."

"म्हणजे यांनी जेवायचं आणि मी ढेकर मोजायचे?"

सगळे हसले. मी बजावलं, "एकमेकांना काही द्यायचं नाही हं, नाहीतर सगळा प्रयोग फुकट जाईल."

"छे गं!" मावशी एकदम गोड झाल्या. "जन्मभर मालकाचा अर्धा वाटा काढून देतोय. वाटणीचं नाव काढलं तरी हात दुखतात बघ."

खत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन घरोघर फिरले. छत्तीस घरांत छत्तीस पोती होती. प्रत्येकात तेहेतीस किलो, तीनशे ग्रॅम.