नऊ घरांची नऊ पत्रं

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या सैनिकांच्या संग्रहालयात जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या काढायला जातो. चाळीस वर्षांपूर्वी युद्धात कामी आलेल्या जवानांच्या घरी पलटणीतून जी पत्रं गेली, त्यांतली नऊ आम्ही प्रदर्शनासाठी एका काचपेटीत शेजारी शेजारी मांडली. घरोघरी ती इतकी जपलेली पाहून मला भरून आलं होतं.

पहिल्याच दिवशी एक नव्वदीची आई लेकीचा हात धरून आली. मुलाबद्दलच्या पत्रातली ओळ तिला तोंडपाठ होती: 'शेवटी त्याने आईला हाक मारली.'

"आता शेजारचं वाच गं," ती म्हणाली. मग त्याच्या पुढचं. नऊही पत्रांत तीच ओळ होती.

"अगं, शेवटी सगळे आईलाच हाक मारतात," लेक कशीबशी म्हणाली.

आई माझ्याकडे वळली. "दादा, हे लिहिणारा सापडेल का हो? भांडायचं नाहीये मला. माझा बाळ खरंच काय म्हणाला, एवढंच विचारायचंय."

"शोधतो, मावशी," मी म्हणालो.



ती नऊही पत्रं तेव्हा पलटणीचा कारकून म्हणून, आघाडीच्या मागच्या कचेरीत बसून मीच लिहिली होती. तिच्या मुलाला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.