दर पाचवं घर

दर पाचव्या घराच्या कुडाच्या भिंतीवर खडूची फुली पडत होती, आणि भागीबाईचं घर चौथं निघालं.

पोर तिच्या खांद्यावर मान टाकून होती. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. नवरा द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेला, पेठच्या दवाखान्यात जायला एसटी उद्या. आज पाड्यावर जीप आली होती ती पाहणीची, लहान मुलांची वजनं करणारी. फारच खालावलेलं पोर सापडलं तर जीप त्याला नाशिकच्या दवाखान्यात नेते, हे कानावर आल्यापासून भागीबाई पाहणीवाल्या सविताच्या मागे मागे फिरत होती.

सविताने तिला शांतपणे समजावलं. सगळ्या घरांत जाणं होत नाही, म्हणून दर पाचवं. आणि ज्याच्या घरी दुखणं, तोच आपण होऊन पुढे येतो. अशांनाच धरलं तर सगळा पाडा आजारी दिसेल, मग या आकड्यांवर वर कुणी विश्वास ठेवणार नाही. पोरीला उद्या पेठला दाखवा, असंही ती म्हणाली. म्हणताना तिने पोरीकडे पाहिलं नाही.

"उद्यापर्यंत नाय राहायची ती, ताई."

सविता पुढे गेली. शेजारच्या घरावर फुली होती. ते भागीबाईच्या जावेचं. जाऊही बिऱ्हाड घेऊन द्राक्षांवर गेलेली, दार काथ्याने बांधलेलं. बंद घराच्या बदल्यात दुसरं घ्यायचं नाही, निघण्याआधी पुन्हा एकदा येऊन बघायचं, असं सविता ड्रायव्हरला सांगत होती. भागीबाईने ते ऐकलं.

जीप पाड्याच्या वरच्या अंगाला गेली, तशी तिने जावेच्या दाराची गाठ दातांनी सोडवली. आपल्या चुलीतला विस्तव नेऊन तिथल्या गार चुलीत घातला. मग आपलं दार ओढून घेतलं आणि त्याच काथ्याने घट्ट बांधलं.

सविता परत आली तेव्हा फुलीच्या घरातून धूर निघत होता. उंबऱ्यात भागीबाई बसली होती.

"हे तुमचं घर नाही," सविता म्हणाली.

"माजं बंद हाय. बघा."

सविताने वळून त्या बांधलेल्या दाराकडे पाहिलं. मग तिने वाशाला वजनकाटा अडकवला आणि पोरीला झोळीत ठेवलं. काटा जेमतेम हलला. सविताने झोळी हाताने स्थिर केली, पुन्हा पाहिलं, आणि ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितलं.

जीप उताराला लागली. भागीबाई पोरीच्या ओठांना ओलं फडकं लावत होती. पोरीचा श्वास मधेच अडकत होता, पुन्हा चालू होत होता. सविता मागच्या काचेतून पाड्याकडे बघत राहिली होती, म्हणून भागीबाईनेही मान वळवली.

द्राक्षांवर गेलेल्यांची फुलीची घरं पाड्यावर अजून होती. त्यांची दारं आता उघडी होती. एकेका उंबऱ्यात एकेक बाई पोर मांडीवर घेऊन बसली होती. चिमणाबाई होती, गेणूची बायको होती.

ड्रायव्हरने वेग कमी केला आणि सविताकडे पाहिलं.

भागीबाईने पदर पोरीवर ओढला.

"थांबू नका," ती म्हणाली.