पायाशी बसलेला माणूस

वेदीसमोर बारा खुर्च्या होत्या. बारा पांढरे पंचे, पाण्याच्या चार बादल्या, एक पितळी घंगाळ आणि गुडघ्याखाली घ्यायला एक उशी. उशी पाळकसाहेबांनी उचलून बाजूला ठेवली आणि ते फरशीवरच टेकले. कॉलरचा माईकही त्यांनी काढून दिला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी होणाऱ्या या पाय धुण्याच्या सेवेचा गाजावाजा त्यांना नको असायचा.

बारावी खुर्ची धनश्रीच्या वडलांची होती. श्रीमंत साळवे. उभा जन्म त्यांनी या चर्चची घंटा वाजवण्यात घातला होता. तिसऱ्या बाकावरून धनश्रीला दिसत होतं, वडलांचे ओठ आत्तापासूनच हलताहेत. ते काय घोकताहेत, तेही तिला ठाऊक होतं.

चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत साळव्यांचा संसार होता. सोनईच्या अलीकडे जुन्या पत्र्याच्या शेडच्या जागी हे नवं चर्च उभं राहिलं, गाड्यांना जागा पुरेना, आणि पंचकमिटीने त्या खोल्या पाडायचं ठरवलं. आई तिथेच अर्धांगाने पडून होती. कमिटीचे सेक्रेटरी उल्हास पंडागळे म्हणाले होते, "साहेबांनी एक शब्द टाकला तर आम्ही कोण अडवणार? पण त्यांच्या तोंडून यायला पाहिजे."

तो शब्द मागायचा कसा, हाच प्रश्न होता. साहेबांभोवती कायम गर्दी. फोन त्यांनी सोडूनच दिला होता.

"अर्ज लिहून देऊ या दादा," धनश्री वडलांना म्हणाली होती.

"अर्ज द्यायला शांतू काय तहसीलदार हाय? बोर्डिंगात एका ताटात जेवलोय आमी. तोंडानं सांगीन."

शांतू म्हणजे पाळक शांतवन वाघचौरे. पत्र्याच्या शेडमध्ये, भोंग्याला तोंड लावून, तीस माणसांपुढे त्यांनी सुरुवात केली. आता रविवारी दोन हजार माणसं येत. पुणे, संभाजीनगरच्या गाड्या येत. पूर्वी ते फार तापट होते, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत. यश आलं आणि माणूस नमला, असं सगळे म्हणत. आता कुणी कितीही बोलो, ते तोंडाकडे एकटक बघत ऐकून घेत. पंचांच्या सभेत सगळ्यांचं होईस्तोवर गप्प बसत आणि शेवटी म्हणत, "तुम्ही ठरवाल ते." कुणी तोंडावर टीका केली तरी हसून हात जोडत. सभेत मानाची खुर्ची दिली तर ती सोडून स्पीकरच्या पेटीला टेकून जमिनीवर बसत.

पाळकसाहेब बाराव्या खुर्चीपाशी आले. श्रीमंत वाकले. चर्च इतकं शांत होतं की शब्द न् शब्द तिसऱ्या बाकापर्यंत आला.

"शांतू, खोल्या पाडू नका रे. तिला उचलून कुठं नेऊ? तेवढं पंचांना सांग. सांगशील न्हवं?"

साहेबांची मान खाली होती. भेगाळलेल्या टाचेवर ते ओंजळीने पाणी सोडत होते. मान दोनदा हलली. मग त्यांनी पाय पुसले, त्या पायांवर कपाळ टेकवलं आणि वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"देव बरं करील, श्रीमंत."

घरी येताच वडील आईला म्हणाले, "काम झालं गं! मान हलवली त्यानं. डोळ्यांत पानी हुतं. ईस्टरला कोंबडी कर म्हनावं पोरीला."

कोंबडी झाली. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आला.

"साहेब काहीच बोलले नाहीत हो," पंडागळे म्हणाले. "मुद्दाम विचारलं. 'तुम्ही ठरवाल ते' म्हणाले."

आईला चौघांनी गादीसकट टेम्पोत ठेवलं. नगरला सावेडीत एक खोली मिळाली, धनश्रीच्या दवाखान्याजवळ. वडील दिवसभर भिंतीला टेकून बसत. चर्चचं नाव काढलं की एकच बोलत.

"न्हाई म्हनला असता तरी चाललं असतं. पाय हातात धरून फसवलं."

जूनमध्ये एका दुपारी दवाखान्यात धनश्रीच्या कानतपासणीच्या खोलीत पाळकीणबाई आल्या. मागे डोक्याला रुमाल गुंडाळलेले साहेब.

"तू इथं असतेस होय?" पाळकीणबाई चपापल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कान दुखतो म्हणतात. मळ असेल. पण कुणाला बोलू नकोस हं."

साहेबांनी हात जोडले. "सलाम, बेटा. श्रीमंत बराय ना?"

धनश्रीच्या तोंडावर मास्क होता. "रस्त्यावर आलेत," ती म्हणाली. "तुम्ही आणलंत."

"छान, छान," साहेब हसले. "माझा सलाम सांग."

तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, भिंतीकडे तोंड करून. कानांवर हेडफोन चढवला. आवाज आला की दाबायचं बटण त्यांच्या हातात दिलं. ते कसं दाबायचं ते पाळकीणबाईंनी स्वतःचं बोट हलवून दाखवलं आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

धनश्रीने दार लावलं, हेडफोनमध्ये बोलायचा मशीनचा माईक सुरू केला.

"माझ्या वडलांना होकार का दिलात?"

साहेब भिंतीकडे बघत बसले होते. चेहऱ्यावर तेच नम्र हसू.

"तुम्हाला विचारतेय मी!"

त्यांनी मान वळवली नाही. धनश्रीने माईक बंद केला, डोळे पुसले आणि नेहमीप्रमाणे तपासणी सुरू केली. वीस. चाळीस. साठ, म्हणजे दोन माणसं समोरासमोर जेवढ्याने बोलतात तेवढा आवाज. बटण दाबलं गेलं नाही. तिने वायर तपासली, हेडफोन तपासला, पुन्हा वीसपासून सुरुवात केली. ऐंशी. नव्वद.

उजवा कान : पंच्याण्णव डेसिबलला पहिला प्रतिसाद. डावा कान : शंभरपर्यंत प्रतिसाद नाही.