डाव्या डोळ्याचं औषध

गुरम्मानं स्टुलावर बसून मान मागं टाकली होती. बाटलीचं टोक तिच्या डोळ्यावर आलं, तेवढ्यात नागव्वानं औषधवाल्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "ही माझी धाकटी बहीण हाय."

मैंदर्गीचा बाजार भरात होता. मिरच्या घ्यायला म्हणून नागव्वा पलीकडच्या ओळीत गेली आणि जीपवरचा कर्णा ऐकून गुरम्मा इकडं वळली. मोतीबिंदू विरघळवणारा अर्क! ऑपरेशन नको, टाका नको, दवाखान्याची पायरी चढायला नको! स्टुलाभोवती म्हातारी माणसं दाटून उभी होती. कुणी काठी टेकून, कुणी सुनेचा खांदा धरून.

"अक्का, घालू दे की," गुरम्मा कुजबुजली. "मला सुरीची लई भीती वाटती."

"आधी त्याला स्वतःच्या डोळ्यात घालू दे."

गर्दीत कुणीतरी हसलं. औषधवाल्यानं मनगट सोडवून घेतलं. तोही हसला. त्यानं मान वर केली, पापणी ताणली आणि सगळ्यांदेखत थेंब टाकले. डोळा दोनदा उघडझाप करून त्यानं माईक तोंडाशी धरला.

"बघा मंडळी! लाली नाही, आग नाही. आहे का काही अपाय?"

"न्हाई की," चारपाच जण एकदम म्हणाले. एक काठीवाला म्हातारा नंबर लावायला पुढं सरकला. गुरम्मानं पुन्हा मान मागं टाकली.

नागव्वाचं तोंड उतरलं. तिला वाटलं होतं, तो कचरेल. आता लोक तिलाच हसत होते. तिनं मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला.

"अपाय न्हाईच," ती म्हणाली. "मला बी झाला न्हाई. असलंच औषध मी वरीसभर घातलं. गार वाटायचं. कुटं दुखलं न्हाई, म्हणून तर घालत ऱ्हायले. आन आत मोतीबिंदू पिकत गेला, फुगत गेला. एक दिवस असं डोकं उठलं की भिंतीवर आपटून घेतलं. सोलापूरला नेलं तवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत दाब वाढून नस मेली, आता काय करता येत न्हाई. आधी आला असता तर ऑपरेशन करून डोळा वाचला असता."

तिनं उजवा डोळा पदरानं झाकला. डावा सताड उघडा होता. बुबुळ पांढरंफटक.

"आता तू मला दिसत न्हाईस. बाजार दिसत न्हाई. ऊन हाय का सावली, ते बी कळत न्हाई." तिनं पदर काढला. "ह्या उजव्याला सुरी लागली. त्यानं मी मिरची निवडून घेती. डाव्याला औषध लागलं."

हसणं थांबलं होतं.

"आजी, तुमचं नशीब वाईट," औषधवाला माईकवरून म्हणाला. "त्याला औषध काय करणार?"

नंबर लावलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "बाई, म्हंजी थेंबानं जातच न्हाई म्हणता?"

"कुठल्याच थेंबानं न्हाई, बाबा. आतली गढूळ काच काढत्यात, नवी बसवत्यात. माझ्यात बसवली हाय. त्याच दिवशी चालत येऊन गाडीत बसले मी."

गुरम्मा स्टुलावरून उठली. बहिणीचा हात धरून म्हणाली, "अक्का, दवाखान्यात तू येशील ना संगट?"

"आत बसू दिलं तर आत बी बसीन."

असं म्हणून नागव्वा स्वतःच त्या रिकाम्या स्टुलावर बसली.

"उठा आजी. पुढचं गिऱ्हाईक बसू द्या."

"न्हाई उठत."

"पोलिसाला बोलवीन."

"बोलाव की. मी त्याला बी हेच सांगती."

काठीवाला म्हातारा मागं वळला. त्याच्यामागं सुनेचा खांदा धरलेली बाई. बाकीचे जागच्या जागी घुटमळले, पण पुढं कुणी आलं नाही. कर्णा एकटाच ओरडत राहिला. मग औषधवाल्यानं तोही बंद केला आणि नागव्वाच्या कानाशी वाकला. माईकवरचा त्याचा आवाज आता राहिला नव्हता.

"आजी, माझं पोट हाय ह्याच्यावर."

"माझा डोळा हुता," नागव्वा म्हणाली.

ती उठली नाही.