दुसरं ‘नाही’

एलोफच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं होतं. शेजारचा टोर्गेर रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांतच ते खरवडायला बसला.

“कोट खराब होईल,” एलोफ म्हणाला. “राहू दे. मला सवय आहे.”

“एवढं सांग, आज मतपेटीत ‘हो’ टाकणार ना?”

“ते मी जाणे आणि पेटी जाणे. तुला कशाला नसत्या चौकशा?”

एलोफ मूळचा स्वीडनचा. वीस वर्षांपूर्वी नॉर्वेच्या या बेटावरच्या मुलीशी लग्न केलं आणि इथेच राहिला. बायको गेली, तरी राहिला. लोक त्याच्या बोलण्याच्या हेलाची थट्टा करत, एवढंच. नव्वद वर्षं दोन्ही देश एकाच राजाखाली होते. पण १९०५ च्या या उन्हाळ्यात नॉर्वेने स्वीडनपासून वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान ठरलं आणि थट्टा बोचरी झाली.

“तुला आनंद नाही होत?” टोर्गेरने विचारलं.

“भाऊ वेगळे निघतात तेव्हा घरावर झेंडे लावतात का रे?”

टोर्गेर पुन्हा खरवडू लागला. त्याला उत्तर मिळालं होतं.

दोघंही सिवर्टच्या हेरिंग मासे पकडायच्या बोटीवर कामाला. सिवर्टने कालच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, “बेटावर एक जरी ‘नाही’ निघालं, तर कुणाचं ते मला विचारायला नको. त्याला माझ्या बोटीत जागा नाही.” साठीला टेकलेल्या एलोफला दुसरं कोण घेणार होतं?

एक निघालं तर एलोफचंच नाव येणार. पण दोन निघाली तर? मग सिवर्ट कुणाकुणावर संशय घेणार? टोर्गेरचा खरवडणारा हात थांबला.

मतदान टेकडीवरच्या चर्चमध्ये होतं. घंटा वाजू लागल्या तेव्हा सगळं बेट टेकडी चढत होतं. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टोर्गेरच्या अंगावर काटा आला. आपण असा दिवस पाहू, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बायकांना मत नव्हतं. त्या बाहेर भिंतीशी उभ्या होत्या. टोर्गेरच्या बायकोने, गुनवोरने, त्याची कॉलर सारखी केली. “माझ्या वाटणीचं ‘हो’ही तूच टाक. आणि तुझ्या वडिलांच्या वाटणीचंही. जन्मभर वाट पाहिली रे त्यांनी.”

टोर्गेरने नुसती मान हलवली.

एलोफ आधी बायकोच्या थडग्याशी गेला. तिथलं गवत उपटून, हात पुसून मग आत आला.

पडद्याआड ‘हो’ आणि ‘नाही’ छापलेल्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे होते. टोर्गेर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ‘नाही’ची चिठ्ठी उचलली, घडी घातली, मनातल्या मनात बापाची माफी मागितली आणि ती पेटीत टाकली.

मोजणी ऐकायला बायकाही आत आल्या. पाद्रीबुवा एकेक चिठ्ठी उलगडून वाचू लागले. हो. हो. हो. खुर्चीतला म्हातारा रडत होता. सिवर्टसारखा आडदांड माणूसही टोपीने डोळे पुसत होता. एवढी माणसं एका सुरात बोलतात म्हणजे काय, ते टोर्गेर श्वास रोखून ऐकत होता.

“नाही.”

चर्चभर कुजबुज झाली. टोर्गेर दुसऱ्या ‘नाही’ची वाट पाहू लागला. हो. हो. हो. पाद्रीबुवांनी पेटी उलटी करून ठोकली. ती रिकामी होती.

“नाही, एक,” ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना एलोफकडे वळल्या. टोर्गेरनेही वळून पाहिलं. एलोफ मात्र इकडेतिकडे बघत होता, हे ‘नाही’ कुणाचं निघालं म्हणून.

टोर्गेरचा चेहरा पांढराफटक पडला. समोरचं बाक धरून तो उठू लागला. बाजूलाच बसलेल्या एलोफने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या त्याच्या डांबराने काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं, आणि खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

“बस खाली,” तो पुटपुटला. “मला सवय आहे.”

मग टोपी हातात घेऊन तो उभा राहिला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझं आहे ते.”