झाकलेली भिंत

खोदकामाच्या इंग्रज साहेबाने संध्याकाळी सनदला बोलावून तोंडावर सांगितलं, की तुझ्या बापाला आता दिसत नाही. उद्या दुपारपर्यंत त्याने काही शोधून दाखवलं तर ठीक, नाहीतर संध्याकाळच्या होडीने त्याला गावी किफ्तला धाड.

म्हातारा मरसाल चाळीस वर्षं इजिप्तमध्ये इंग्रजांसाठी जुनी गावं खणून काढत होता. त्याच्या आधी त्याचा बाप. आता मुलगा सनद खोदकामावर मुकादम होता. आमच्या किफ्तमध्ये घरोघरी हेच. पुस्तकं साहेबांच्या नावाने निघतात, ते जाऊ द्या. पण मरसालला अंगणात खाटेवर बसवलं तर तो महिनासुद्धा काढणार नाही, हे सनदला पक्कं ठाऊक होतं.

कच्च्या विटांची भिंत हुडकणं म्हणजे काही चेष्टा नाही. भिंत मातीची, तिच्यावरचा ढिगाराही मातीचाच. भल्याभल्या डोळसांची कुदळ भिंतीतून आरपार जाते आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मरसाल चरात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि अंगठ्याने माती चाचपत पुढे सरकू लागला. साहेब वर घड्याळ घेऊन उभा. कोपऱ्याजवळ म्हाताऱ्याचा अंगठा थांबला. जरा वेळ नुसताच थांबला. मग त्याने भराभर माती बाजूला सारली आणि विटांची सरळ कड उघडी पडली.

साहेब खूश झाला. म्हातारा हंगामभर राहू दे म्हणाला, वहीत ‘भिंत सापडली’ एवढंच लिहिलं आणि तंबूकडे गेला.

सनदने बापाला हात देऊन वर घेतलं, पाण्याचं मडकं पुढे केलं. मरसाल सावकाश पाणी प्यायला.

“भिंत काल तूच झाकलीस ना?” त्याने हळूच विचारलं.

सनदने मडकं त्याच्या हातातून काढून घेतलं.

“माती भुसभुशीत लागली रे. झाकल्यावर पाणी शिंपडायचं, पायाने दाबायचं. मुकादम म्हणवतोस ना स्वतःला?”

“चुकलं, आबा.”

मरसालने चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि हात तिथेच ठेवला.

“कामावरच्या माझ्या पहिल्या दिवशी तुझ्या आजोबांनी अशीच एक भिंत झाकून ठेवली होती, मला सापडावी म्हणून. पण काय दाबली होती त्यांनी ती माती. मला कळलं, ते त्यांनी मरताना सांगितलं तेव्हा.”