बंद तोंडाची चूल

महाराष्ट्र झाला त्या वर्षी अम्माचा खोकला वाढला, म्हणून अब्बांनी पत्र्याची चूल घडवली. तोंडाला झाकण, मागं धुराडं. घरात धूर नावालाही उरला नाही. मग जळगाव जामोदच्या बाजारात तशाच चुली मांडल्या. बाया कौतुक करायच्या अन् पुढं जायच्या. सोजराबाई तेवढी चुलीपुढं बसली. “युसूफभाऊ, तव्यावरची भाकर फुगवाले निखाऱ्याले कुठी टेकवू?” “पण धूर नाई होत, बाई.” “धुराची सवय हाये. चपटी भाकर वाढली त सासू बोलन.” अब्बांनी तिथंच कातर घेऊन चुलीचं तोंड मोठं कापलं. पुढं गावोगावी तीच चूल खपली, धुरासकट. घरच्या चुलीला मात्र त्यांनी कातर लावली नाही. आमची भाकर कधी फुगली नाही, अम्माचा खोकलाही परतला नाही. आता गॅसवर भाकर टम्म फुगते. खाण्याआधी मी ती दाबून चपटी करते.